संगणकाचा वीजपुरवठा : निवड आणि पारख



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, राज्यघटना, शेतीचे अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने ऐकत आला आहात. त्या पंक्तीला आज आम्ही एक पत्र्याची पेटी आणून बसवीत आहोत. संगणकाच्या कॅबिनेटमध्ये, बहुधा तळाच्या कोपऱ्यात, ही पेटी स्क्रूने घट्ट आवळलेली असते. मागच्या बाजूने तिच्यात घरातल्या विजेची वायर जाते आणि पुढच्या बाजूने रंगीत किंवा काळ्या वायरींचा जुडगा बाहेर पडतो. बाजारात तिला ‘एसएमपीएस’ म्हणतात. आपल्या मुलांचा अभ्यास, दुकानाचा जमाखर्च, लग्नाची छायाचित्रे हे सर्व ज्या यंत्रात साठवलेले असते, त्या यंत्राचा कोणताही भाग वीज घेतो ती या एकाच पेटीतून घेतो. त्यामुळे विषय दिसतो तितका क्षुद्र नाही.

कंपनीचा तयार संगणक घेणाराला ही पेटी निवडावी लागत नाही. परंतु सुटे भाग घेऊन आपल्या गरजेप्रमाणे यंत्र जुळवून घेण्याची चाल आपल्याकडे चांगलीच रूढ आहे. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे क्षणभर उभे राहून पाहावे. गिऱ्हाईक यादी घेऊन आलेले असते. प्रोसेसरवर अर्धा तास चर्चा होते. ग्राफिक कार्डावर तासभर होते. कॅबिनेटला काच कोणत्या बाजूला आणि दिवे किती, यावरही बापलेकांचे मतभेद होतात. शेवटी दुकानदार विचारतो, “एसएमपीएस कोणता टाकू?” आणि गिऱ्हाईक म्हणते, “टाका कुठला तरी चांगलासा.” त्याला दोष तरी कसा द्यावा? कित्येक वर्षे ही पेटी कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकटच मिळत असे, आणि जी वस्तू फुकट मिळते तिची चौकशी कोणी करीत नाही.

एकेकाळी हे खपूनही जात होते. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या पहिल्या ‘पी.सी.’मधली पेटी अवघ्या ६३.५ वॅटची होती. आपल्या घरातला जुना पिवळा दिवा जेवढी वीज खात असे तेवढ्यात तो सबंध संगणक चाले. उलट २०२५ साली निघालेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक कार्ड एकटेच ५७५ वॅट मागते. म्हणजे त्या पहिल्या संगणकाच्या नऊ पेट्या एकत्र जोडल्या तरी या एका कार्डाची भूक भागणार नाही.

ही पेटी करते काय? भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, आणि सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट वाहणारी. संगणकाला हवी असते एकाच दिशेने वाहणारी, बारा, पाच आणि ३.३ व्होल्टची. त्यासाठी पेटी आधी भिंतीतली वीज सरळ करते, एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवते, मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवते आणि पुन्हा गाळून गुळगुळीत करते. हे काम तिने किती काटेकोर करावयाचे याचा ‘ए.टी.एक्स.’ नावाचा दंडक इंटेल कंपनीने १९९५ साली घातला. बारा व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ या मर्यादेत राहिली पाहिजे. तिच्यावरचा तरंग, म्हणजे गाळूनही उरलेली थरथर, १२० मिलिव्होल्टांच्या वर जाता कामा नये. पाच आणि ३.३ व्होल्टच्या ओळींना तर पन्नासच मिलिव्होल्टांची सवलत आहे.

रिकामी बसलेली असताना जवळपास प्रत्येक पेटी हा दंडक पाळते. दुकानात हिरवी आणि काळी वायर एका तारेने जोडून पंखा फिरवून दाखवतात आणि म्हणतात, “बघा, चालू आहे.” त्या पंख्यावरून पेटी मेलेली नाही एवढेच सिद्ध होते. माणसाची पारख जशी अडचणीच्या वेळी होते तशीच या पेटीची. पूर्ण भार पडला, उकाडा वाढला, वीज क्षणभर गेली किंवा आतला एखादा भाग निकामी झाला, म्हणजे ती काय करते, हे आम्हांला कळले पाहिजे. पेटीच्या बाहेर छापलेला मोठा आकडा नेमके तेवढेच सांगत नाही.

त्या आकड्यापासूनच सुरुवात करू. ‘५०० वॅट’ असे ठळक छापलेले असते. परंतु पेटीच्या कुशीला एक बारीक अक्षरांचा तक्ता चिकटवलेला असतो. खरी जन्मपत्रिका ती. तीत प्रत्येक ओळीवर किती अँपिअर मिळतील ते लिहिलेले असते. समजा, बारा व्होल्टच्या घरात १८ अँपिअर लिहिले आहेत. बाराला अठराने गुणा. २१६ वॅट झाले. मग उरलेले वॅट गेले कुठे? ते पाच आणि ३.३ व्होल्टच्या घरांत दाखवलेले असतात, आणि आजचा संगणक तेथून फारसे काही उचलतच नाही. २००० साली पेंटियम ४ बरोबर प्रोसेसरला बारा व्होल्टची वेगळी चार तारांची जोडणी आली. तेव्हापासून सगळा मोठा भार, प्रोसेसरचा काय आणि ग्राफिक कार्डाचा काय, बारा व्होल्टांवरच आहे. म्हणजे ही पेटी पाचशेची नव्हे, जेमतेम सव्वादोनशेची. चांगल्या पेटीत बारा व्होल्टांचा गुणाकार छापील आकड्याच्या अगदी जवळ येतो. हा हिशेब शाळकरी मुलगासुद्धा दुकानात उभ्या उभ्या करू शकतो, आणि एवढ्यानेच बाजारातल्या निम्म्या वाईट पेट्या गळून पडतील असे आम्हांला वाटते.

किती वॅटची घ्यावी? मध्यम प्रतीचा प्रोसेसर पूर्ण जोरात सुमारे दीडशे वॅट घेईल. आरटीएक्स ४०७० सारखे कार्ड दोनशे घेईल. पंखे, डिस्क, मदरबोर्ड यांना पन्नास-साठ. बेरीज चारशेच्या आसपास येते. अशा यंत्राला साडेसहाशेची खरी पेटी भरपूर झाली. ग्राफिक कार्डच नसेल तर साडेचारशेची प्रामाणिक पेटी वर्षानुवर्षे सुखाने काम करील. हजार वॅटची घ्या म्हणून आग्रह करणाराला नमस्कार करून पुढे जावे. मात्र बेरजेला चिकटून अगदी काठावरचीही घेऊ नये, कारण ग्राफिक कार्डांची भूक सारखी नसते. सरासरी दोनशे वॅट घेणारे कार्ड क्षणार्धात त्याहून पुष्कळ अधिक ओढते. २०२० नंतरच्या मोठ्या कार्डांमुळे चांगल्याचांगल्या पेट्या ऐन खेळात बंद पडू लागल्या, तेव्हा २०२२ च्या ‘ए.टी.एक्स. ३.०’ दंडकात तशी तरतूद करावी लागली. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती दुप्पट मागणी आली तरी पेटीने ती सोसली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. मोठे कार्ड घ्यावयाचे असेल तर पेटीवर ३.० किंवा ३.१ हा उल्लेख पाहून घ्यावा.

आता त्या प्रसिद्ध बिल्ल्याकडे वळू. ‘८० प्लस’, आणि त्याखाली ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम अशी धातूंची चढती भाजणी. २००४ साली अमेरिकेत वीज वाचविण्यासाठी ही योजना निघाली. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकाला पोहोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढेच ती मोजते. अर्ध्या भारावर ब्राँझला पंच्याऐंशी टक्के हवेत, गोल्डला नव्वद. हे माप उपयोगाचे आहे, कारण वाया जाणारी वीज म्हणजे पेटीच्याच पोटातला जाळ. परंतु बिल्ल्याने विजेचे बिल निम्मे होईल अशी आशा कोणी धरू नये. संगणक दिवसाला आठ तास, सतत तीनशे वॅटच्या भाराने चालला, तर ब्राँझ आणि गोल्ड यांत वर्षाला साठाच्या आतच युनिटांचा फरक पडतो. घरगुती वापरात तर बहुतेक वेळ शंभर वॅटसुद्धा लागत नाहीत.

बिल्ला काय सांगत नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्याची चाचणी २३ अंश तापमानात होते. चैत्र-वैशाखातल्या आमच्या घरांत २३ अंश कोठून आणावेत? तरंग किती, वीज गेल्यावर दम किती वेळ टिकतो, भार अतोनात झाला तर पेटी वेळेवर बंद होते की नाही, यांतले काहीच तो पाहत नाही. याचा दाखला २०२१ साली सर्व जगाने पाहिला. गिगाबाइट कंपनीच्या जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम या दोन पेट्यांवर गोल्डचा बिल्ला होता. स्वतंत्र परीक्षकांनी भार वाढवून पाहिला तेव्हा त्यांतल्या काही पेट्या मोठा आवाज होऊन फुटल्या. अतिभारापासून राखण करणारा जो पहारेकरी आत असतो तो फार उशिरा जागा होत असे. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने पत्रक काढले. पूर्वी १२० ते १५० टक्के भाराला बंद होणाऱ्या या पेट्या आता ११० ते १२० टक्क्यांलाच बंद होतील असे तिने जाहीर केले, आणि ठरावीक क्रमांकांच्या पेट्या बदलून देण्याची तयारी दाखवली. ही गोष्ट कोणा एका कंपनीवर राग म्हणून आम्ही सांगत नाही. बिल्ला खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता.

हा पहारा म्हणजे काय ते थोडे उलगडून सांगतो. चांगल्या पेटीत वीजदाब वाढला, दाब घटला, प्रवाह मर्यादेबाहेर गेला, वायरी एकमेकींना चिकटल्या, एकूण भार वाढला, किंवा उष्णता चढली, तर पेटीने स्वतः निमूट बंद पडावे अशी योजना असते. दाराशी मरावे, पण आत चोर जाऊ देऊ नये, असा हा धर्म आहे. स्वस्त पेटीतून पहिले काही जाते तर हेच जाते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. आमच्या परिचयाच्या एका छायाचित्रकाराच्या यंत्रातली फुकट आलेली पेटी ऐन लग्नसराईत गेली. जाताना तिने मदरबोर्ड नेला, आणि त्याला जोडलेल्या दोन्ही डिस्कही नेल्या. मदरबोर्ड नवा आला, डिस्क नव्या आल्या; ज्यांची लग्ने होऊन गेली होती त्यांना पुन्हा मांडवात कोण उभे करणार?

उष्णतेचा विषय निघालाच आहे. पेटीतले सगळ्यात लवकर म्हातारे होणारे भाग म्हणजे कपॅसिटर. त्यांच्या आत द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा त्यांचा ढोबळ हिशेब आहे. १०५ अंशांना दोन हजार तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांत राहिला तर बत्तीस हजार तास टिकावा, म्हणजे रोज आठ तास धरल्यास अकरा वर्षांहून थोडे कमी. तोच ८५ अंशांच्या प्रतीचा घातला तर हे आयुष्य चौथाईवर येते. नागपूर-चंद्रपूरकडे जेथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेथे हा फरक कागदावरचा राहत नाही. तेव्हा पेटीच्या वर्णनात १०५ अंशांचे कपॅसिटर आहेत का ते पाहावे, आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून, वर रुमाल पांघरून ठेवू नये. विणलेला रुमाल असला तरी ठेवू नये.

आता आपल्या इकडच्या विजेबद्दल. दिवा क्षणभर मिचकतो, पंखा अडखळतो, आणि संगणक मात्र चालू राहतो, असे आपण पाहिले असेल. त्या क्षणी तो पेटीतल्या मोठ्या कपॅसिटरवर जगत असतो. नळ गेला तरी रांजणातल्या पाण्यावर जसा स्वयंपाक उरकतो, तसे. या रांजणाचा हिशेब फार सोपा आहे. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३८० व्होल्टपर्यंत भरलेला असेल आणि ३०० व्होल्टपर्यंत उतरेतो पेटीला काम करता येत असेल, तर त्यातून सुमारे नऊ ज्यूल ऊर्जा मिळते. पेटी भिंतीतून साडेपाचशे वॅट घेत असेल तर एवढी ऊर्जा सोळा मिलिसेकंद पुरते. विजेचे एक आवर्तन वीस मिलिसेकंदांचे. म्हणजे एक आवर्तनसुद्धा पुरे निभत नाही. तरीही दंडकाने वर्षानुवर्षे मागितलेला आकडा याच्याच जवळचा आहे. काटकसरी कारखानदार ३३० ऐवजी २२० चा कपॅसिटर बसवतो, की दम अकरा मिलिसेकंदांवर आला. पेटी चालते, पंखा फिरतो, बिल्लाही मिळतो. फक्त दिवा मिचकला की संगणक बसतो.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांना हा आकडा अधिक जाणवेल. इन्व्हर्टरला वीज गेल्याचे कळून बॅटरीवर येण्यास काही मिलिसेकंद लागतात. पुष्कळ इन्व्हर्टरांवर ‘यू.पी.एस. मोड’चे एक बटण असते. ते दाबले असता हा वेळ कमी होतो. संगणक जोडणाऱ्यांनी ते बटण आधी शोधावे. दुसरे असे की, स्वस्त इन्व्हर्टरची वीज पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि आजच्या चांगल्या पेट्यांत पॉवर फॅक्टर सुधारणारी जी रचना असते तिला ती कित्येकदा मानवत नाही. मग दोघांपैकी कोणी तरी घुमतो किंवा बंद पडतो, आणि दोष बिचाऱ्या नव्या पेटीवर येतो. चांगली पेटी घेतली तर इन्व्हर्टर किंवा यू.पी.एस. ‘साइन वेव्ह’ जातीचा असावा.

याहून जिव्हाळ्याची गोष्ट अर्थिंगची. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मिणमिण पेटतो, अशी तक्रार आमच्या कानांवर नेहमी येते, आणि लोक दुकानदाराशी भांडावयास जातात. बहुतेक वेळा पेटी निर्दोष असते. तिच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी अत्यल्प वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास, लोंबकळत राहतो. ती वीज इतकी थोडी असते की बहुधा झिणझिण्यांवरच भागते. परंतु उद्या आतली एखादी वायर खरोखर पत्र्याला लागली, तर तिला जमिनीत नेणारी वाट नाही, असा तो निरोप असतो. जुन्या वाड्यांतून तीन भोकांच्या सॉकेटमधले वरचे भोक पुष्कळदा नुसते शोभेचे असते. कोठे तिसरी पिन मोडून टाकतात, कोठे दोन पिनांचा जोड लावतात. पेटीवर आठ हजार रुपये खर्च करण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. जगातली सर्वोत्तम पेटीसुद्धा हे काम करू शकत नाही.

मग घ्यावी कोणाची? येथे नावावर भिस्त ठेवून भागत नाही. पेटीवर नाव एकाचे असते आणि ती घडवणारा दुसराच असतो. सीसॉनिक, सुपर फ्लॉवर, सी.डब्ल्यू.टी., एफ.एस.पी. असे थोडे कारखाने इतरांच्या नावाने पुष्कळ पेट्या घडवतात, आणि एकाच नावाखाली उत्तम आणि अगदी सामान्य अशा दोन्ही पेट्या विकल्या जातात. म्हणून चौकशी नावाची नव्हे, नेमक्या मॉडेलची करावी. ज्या परीक्षकांनी पेटी उघडून, पूर्ण भार घालून, तरंग मोजून, वायरी मुद्दाम चिकटवून पाहिल्या असतील त्यांचा अहवाल वाचावा. सायबेनेटिक्ससारख्या प्रयोगशाळेचे असे अहवाल कोणालाही वाचता येतात. अहवालच नसेल तर निदान हमी किती वर्षांची आहे ते पाहावे. दहा वर्षांची हमी देणारा कारखानदार उदार असतो असे नाही. पेट्या परत आल्या तर तोटा त्याचाच आहे, म्हणून त्याने आधीच हिशेब केलेला असतो. आमचे मत विचाराल तर ग्राफिक कार्ड एक पायरी खालचे घ्यावे आणि वाचलेले पैसे पेटीत घालावेत. कार्ड तीन वर्षांत जुने होते. चांगली पेटी पुढच्या यंत्रातही जाते.

जोडणीबद्दल दोनच गोष्टी. नव्या मोठ्या कार्डांना सोळा पिनांची जी बारीक जोडणी असते तिच्यातून ६०० वॅट जाऊ शकतात, म्हणजे पन्नास अँपिअर, आणि ते सहा पिनांत विभागले तर प्रत्येकीवर आठाहून अधिक. २०२२ च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० या कार्डाच्या अशा जोडण्या वितळल्याच्या बातम्या आल्या. पुरते आत न बसलेले टोक हे त्याचे एक कारण निघाले, आणि पुढे त्या जोडणीची रचनाही सुधारली गेली. तेव्हा ती टक् करून पूर्ण बसली आहे हे डोळ्यांनी पाहावे, आणि तोंडाशीच तिला पीळ देऊ नये. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या पेटीच्या वायरी सुट्या निघतात तिच्या वायरी दुसऱ्या पेटीला कधीही लावू नयेत. टोके हुबेहूब बसतात, पण पेटीकडच्या बाजूला कोणत्या पिनेत पाच व्होल्ट आणि कोणत्या पिनेत बारा, याचा काही दंडक नाही. पाचाच्या जागी बारा गेले की डिस्क संपली. उरलेल्या वायरी पिशवीत घालून पिशवीवर पेटीचे नाव लिहून ठेवावे.

आणि जुनी पेटी बिघडली म्हणून घरी कोणी उघडू नये, मुलांना तर उघडू देऊच नये. भिंतीतला प्लग काढल्यावरही तो रांजण काही काळ भरलेला राहू शकतो, आणि त्यातले पाणी तीनशेहून अधिक व्होल्टांचे असते.